रुईच्या पानाची पाठ

पुण्यात भर दुपारी घराचं दार सताड उघडं ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. ज्या शहरात एक ते चार दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत नाही आणि यजमान पाहुण्याला, त्या शहरात, नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, साडेतीन वाजले की काका उठायचे, कडी काढायचे आणि वाऱ्याने लागू नये म्हणून दाराच्या खाली दगडी वरवंटा सरकवायचे. बाहेर पाटी होती. पाटी असणारच. तिच्यावर लिहिलं होतं, 'दुपारी ३॥ ते ४ दार उघडे असते. बेल वाजवण्याची गरज नाही.'

मला वाटलं, सेल्समन लोकांना मारलेला टोमणा असेल. त्या घरात वर्षभर राहिले तेव्हा कळलं, की काकांच्या बोलण्यालिहिण्यात टोमणा नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

काका म्हणजे माझे घरमालक. मी वर्ध्याची. आयटी कंपनीत संध्याकाळची पाळी, गाडी न्यायला यायची पाच वाजता. त्यामुळे त्यांच्या दुपारी मला बघायला मिळाल्या.

खोली बघायला गेले तेव्हा गाव, जात, अंडी, मित्रमैत्रिणी, सगळ्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. टेबलावर पत्त्यांसारखे नऊ तुकडे टाकले, सगळे हिरवे.

"उजेडाकडे पाठ करून बसा. फिक्यापासून गडदापर्यंत लावा."

मी लावले. त्यांनी मधले दोन उचलून एकमेकांच्या जागी ठेवले आणि म्हणाले, "आता?"

"आता चुकले."

"बरं. सामान आणा. हॉलच्या भिंतीला काही लावायचं नाही. खिळा नाही, कॅलेंडर नाही, टिकली तर मुळीच नाही."

भाड्याचा आकडा मलाच विचारावा लागला.

त्यांची सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्यात गेली होती. गिऱ्हाइकाने नमुना पाठवायचा आणि काकांनी हुबेहूब तसा रंग घोटून द्यायचा. बंडीच्या खिशात त्या कामाची एक खूण उरली होती. पोस्टकार्डाएवढं पांढरं जाड कार्ड, मधोमध चौकोनी भोक. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, म्हणून कुठलाही रंग त्या भोकातून बघायचा. त्यातून ते डाळिंबं बघायचे, मंडईतली वांगी बघायचे, आरशात स्वतःची जीभ बघायचे. माझा नवा कुर्ता बघून म्हणाले, "दुकानात ट्यूबलाइट होती ना? फसलात."

दुसरी खूण म्हणजे एक वाक्य. "ओला रंग खोटं बोलतो. वाळू द्या." हे भिंतीला लागू होतं आणि माणसांनाही. खालच्या मजल्यावरच्या मुलाचा साखरपुडा झाला, पेढे आले, काका म्हणाले, "ओलं आहे अजून." माझी बढती झाल्याचं मी नाचत सांगितलं, तर पेढा खाऊन म्हणाले, "छान. वाळू द्या." मला राग आला होता. तीन महिन्यांनी तो अख्खा विभाग बंद झाला, तेव्हा मात्र त्यांनी एका शब्दाने आठवण करून दिली नाही.

हॉलची भिंत म्हणजे दारात उभं राहिलं की बरोबर समोर दिसते ती. फिकट हिरवी, राखेचा हात फिरल्यासारखी. ती भिंत ते दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने रंगवायचे. आधी वीतभर चौकोन, तो दोन दिवस वाळू द्यायचा, मग सगळी भिंत, पुन्हा दोन दिवस. मग साडेतीन वाजता बाहेर जिन्यात जाऊन उंबऱ्यापलीकडे उभे राहायचे, कार्ड धरायचे, एक डोळा मिटायचे, मग दुसरा. आत येऊन म्हणायचे, "नाही." आणि डबा परत उघडायचा. इतके हात बसले होते त्या भिंतीवर, की तिचा कोपरा गोल झाला होता.

अडचण डोळ्यांची होती. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं ते करून घेत नव्हते.

"उजव्याला भिंत निळसर दिसते, डाव्याला पिवळट," ते म्हणाले. "डोळे दोन्ही माझेच, पण घरं दोन दिसतात. तुम्ही सांगा, कशी आहे?"

"हिरवट."

"ते भाजीवालीही सांगेल."

मग त्यांनी मला शिकवलं. शनिवारी सकाळी ते मारुतीच्या देवळाबाहेरून रुईच्या पानांची माळ घ्यायचे आणि मारुतीला न घालता घरी आणायचे. फुलवाली कुरकुरायची. घरी आले की माळेतलं एक पान सोडवायचं, उलटं करायचं आणि भिंतीला टेकवायचं. रुईचं पान पुढून साधं हिरवं असतं. पाठीवर मात्र पांढरी भुकटी असते, पावडर लावलेल्या मानेसारखी. तो रंग त्यांना हवा होता. मी पान आणि भिंत आळीपाळीने बघायची आणि सांगायची, भिंत जरा जास्त पिवळी आहे, किंवा जरा मेलेली आहे. 'मेलेली' हा शब्द त्यांना आवडला नव्हता.

"पण रुईच का काका? रुई कोणी घरात आणत नाही."

"मी नाही आणली," ते म्हणाले. "तिने आणली."

'ती' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

त्या घरात दूध नव्हतं, हे मला पहिल्याच आठवड्यात खटकलं होतं. साडेतीनला दार उघडलं की काका गॅसवर दोन कपांचं आधण ठेवायचे. साखर, आलं, चहा पावडर. ते उकळत राहायचं. चार वाजता गाळायचे आणि कोरा प्यायचे, तोंड वाकडं करून. न आवडणारी गोष्ट माणूस रोज का पितो, ते मला कळेना.

"मी खालून दुधाची पिशवी आणू का?"

"नको. दूध येतंय."

मला वाटलं, गवळी असेल. महिना गेला, गवळी आला नाही. एकदा मी माझ्यापुरती पिशवी आणून फ्रीजमध्ये ठेवली. संध्याकाळपर्यंत काकांनी ती खालच्या बिऱ्हाडात देऊन टाकली होती. अगदी समजुतीच्या सुरात मला म्हणाले, "अहो, दोन-दोन दुधं झाली तर नासेल ना."

सगळं त्यांनी एकदाच सांगितलं, एका शनिवारी, रंग ढवळता ढवळता. माझ्याकडे न बघता.

हॉलसाठी रंग बायकोने निवडला होता. दुकानातल्या कार्डावर तिला हवा तो सापडेना, म्हणून तिने माळेतलं रुईचं पान दुकानदाराच्या पुढ्यात उलटं ठेवलं आणि म्हणाली, हा. काका तेव्हा मोठे रंगतज्ज्ञ. ते म्हणाले, ही काय निवड झाली, भिंत आजारी दिसेल. त्यांनी तो घोटून दिला नाही. तिने दुकानातच करून घेतला.

"आठ दिवस ती भिंत माझ्यासमोर होती. मी कार्डसुद्धा काढलं नाही खिशातून. जगाचे रंग जुळवले, घरातला बघितला नाही."

नवव्या दिवशी दुपारी तिने चहाचं आधण ठेवलं. दूध नासलेलं निघालं. "पाच मिनिटांत आले," म्हणाली, किटली घेतली आणि जिना उतरली. ती आली नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, तिचं माहेर झालं. काही म्हणजे काही कळलं नाही. तीन वर्षांनी त्यांच्या भावाने सुचवलं, रंग बदल, मन रमेल. रंगारी आले, भिंत पार प्लास्टरपर्यंत खरवडली, भेगांत पुट्टी भरली, क्रीम रंग दिला.

"मीच हो म्हटलं," काका म्हणाले. "आणि त्याच आठवड्यात पावलं सुरू झाली. येते, दारातून समोरची भिंत बघते, आणि आपलं घर नाही म्हणून परत जाते. काय करेल? परक्याच्या घरात बाईमाणूस कसं शिरेल?"

मला त्यांची कीव आली. खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. म्हातारपणी माणसाचा एखादा स्क्रू ढिला होतो, त्यांचा हा झाला, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी माझ्या खोलीत कान देऊन बसले. बाहेर पेठेची दुपार होती, कुठे कुकरचीसुद्धा शिट्टी नाही. आणि जिन्यात चप्पल वाजली. हलकी, घाई नसलेली. पहिला मजला. दुसरा. तिसरा. मग उंबऱ्यापाशी थांबली. स्वयंपाकघरात आधण खदखदत होतं, बाकी काही नाही. एक लांब श्वास घेऊन सोडावा तेवढा वेळ गेला आणि चप्पल खाली उतरायला लागली. मी धावत हॉलमध्ये आले. उघड्या दारात कोणी नव्हतं. काका खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखे.

"गेली," ते म्हणाले. "पिवळा जास्त झाला."

आईला फोन केला तर ती म्हणाली, "खोली सोडून दे बापा, आजच्या आज." मी सोडली नाही. ऑफिसची गाडी अगदी कोपऱ्यावर यायची आणि एवढ्या भाड्यात पेठेत बाथरूमही मिळाली नसती. माणूस कशालाही सरावतो. साडेतीनला मी कानात गाणी घालून पडायला लागले.

पण रंग जवळ येत चालला होता. तो माझ्याच डोळ्यांनी येत होता, शनिवारी शनिवारी. चौथ्या वेळी भिंत वाळली, मी पान टेकवलं आणि पानाची कड शोधावी लागली. त्या दुपारी पावलं दारात बराच वेळ उभी राहिली. एका श्वासाची नव्हे, चांगली चार-पाच मिनिटं. मी उशी घट्ट धरून बसले होते. भीती अगदी सरळ होती. रंग जुळला, की ती आत येईल. आणि आत म्हणजे मी राहत होते तिथे.

त्यानंतरच्या मंगळवारी काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. जाताना दोन कामं सांगून गेले. इलेक्ट्रिशियन येईल, हॉलमधला जुना लाकडी बोर्ड बदलून नवा बसवून घ्या. आणि मला उशीर झाला तर साडेतीनला दार उघडा.

इलेक्ट्रिशियन तीनच्या सुमारास आला. बोर्ड त्याच भिंतीवर होता. त्याने स्क्रू काढले, बोर्ड ओढला आणि म्हणाला, "ताई, मागे जुना रंग आहे बघा. रंगारी लोक भारी आळशी. बोर्ड न काढताच भिंत घासलीये."

मी बघितलं. ताटलीएवढा तुकडा होता. ऊन नाही, धूळ नाही, काल दिल्यासारखा ताजा. तो रुईच्या पानाची पाठ होता. मी शनिवारचं सुकलेलं पानही शोधलं नाही, गरजच नव्हती. काकांच्या भिंतीत आणि त्या तुकड्यात जेमतेम एका थेंबाचा फरक होता. थोडा निळा कमी, बस. हे मला दिसलं, कारण त्यांनीच मला बघायला शिकवलं होतं.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. दार बंद होतं. मी उठले नाही.

चप्पल वाजली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. थांबली. मग बंद दारावर तळहात टेकवल्यासारखा आवाज आला. ठोठावणं नव्हे, कोणी दमून टेकावं तसा.

"ताई, कोणीतरी आलंय," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

त्याने ऐकलं होतं. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की काकांचं वेड मला लागलंय.

"कोणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही बोर्ड बसवा लवकर."

नवा बोर्ड प्लास्टिकचा, जुन्यापेक्षा मोठा. तुकडा त्याखाली पार झाकला गेला. शेवटचा स्क्रू पिळला गेला तसा तळहात दारावरून निघाला आणि पावलं खाली गेली.

काका सव्वाचारला आले, धापा टाकत. तिन्ही मजले त्या वयात घाईने चढले होते. चप्पलही न काढता म्हणाले, "अहो, डॉक्टरांकडे बसल्या बसल्या डोक्यात आलं. इतकी वर्षं कसं सुचलं नाही? बोर्डाच्या मागे काही होतं का?"

मी म्हटलं, "नाही. नुसतं प्लास्टर."

"रंग नव्हता?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून. मग म्हणाले, "असं. तुमचे डोळे चांगले आहेत, तुम्ही बघितलंत म्हणजे झालं." आणि आत जाऊन उशिराचं आधण ठेवलं. ते चार स्क्रू स्वतः काढून बघावेत, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या वर्षभरात त्यांनी माझ्या कामावर, कपड्यांवर, स्वयंपाकावर, कशावर म्हणून विश्वास ठेवला नव्हता. नेमका यावर ठेवला.

महिन्याभरात मी खोली सोडली. कारण सांगितलं लग्नाचं. ते काही अगदी खोटं नव्हतं, ठरत आलं होतं. निघताना काकांनी ते भोकाचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "मला आता काय करायचंय? डावाही करून घेतला, दोन्ही घरं सारखीच दिसायला लागलीत." मी ते घेतलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. खाली रिक्षा थांबली होती, एवढंच कारण देता येईल मला.

पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. खालच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी सांगितलं, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच, दार उघडं होतं, आधण आटून भांडं जळलं होतं. त्यानंतर इमारत पुनर्विकासात गेली. एकदा स्कूटरवरून जाताना मी पाडकाम बघितलं. पुढचा भाग पडला होता आणि तिसऱ्या मजल्यावरची ती भिंत रस्त्यावर उघडी पडली होती. बोर्ड कोणी काढून नेला होता. एवढ्या लांबून ताटलीएवढा तुकडा दिसायला नको होता, पण मला दिसला. माझे डोळे चांगले आहेत.

आता आम्ही कात्रजच्या बाजूला फ्लॅट घेतला आहे, सहावा मजला. रंगाची वेळ आली, तसं नवऱ्याने मोबाईल पुढे केला.

"अगं, सेज ग्रीन. लाइट शेडमध्ये. सध्या सगळ्यांकडे हाच आहे, एकदम शांत वाटतं."

मी नको म्हटलं. क्रीम म्हटलं, पांढरा म्हटलं. तो म्हणाला, आयुष्यभर भाड्याच्या क्रीम भिंती बघितल्या, आता तरी नको. कारण सांगता येईना तेव्हा मी अट घातली, आधी चौकोन मारून बघू. रंगाऱ्याने समोरच्या भिंतीवर हातभर रंग मारला. मी ते कार्ड काढून भोकातून बघितलं. दुधाळ, पुदिन्याच्या बर्फीसारखा, कुठे पानाची पाठ आणि कुठे हा. माझ्या जिवात जीव आला. "चालेल," मी म्हटलं, "सगळी भिंत करा."

ओल्या रंगाला हो म्हटलं. मी. त्या माणसाच्या घरात वर्ष काढून.

दोन दिवसांनी भिंत वाळली. मी पान आणलं नाही, काही आणलं नाही. दारात उभी राहिले आणि मला कळलं. तो थेंबाचाही फरक उरला नव्हता. नवरा म्हणाला, "बघ, किती शांत वाटतं," आणि खरंच वाटत होतं.

हे गेल्या सोमवारचं. नवरा ऑफिसला, मी घरून काम करत होते. दुपारी चहा टाकला. दूध तापवायला ठेवलं, ते नासलं. मी पातेलं हातात धरून ओट्यापाशी उभी होते, तेव्हा जिन्यात चप्पल वाजली. आमच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. जिन्याने कोणी येत नाही, कचरेवालासुद्धा.

मी मजले मोजले. पावलांना घाई नव्हती. सहाव्यावर आली आणि दारापाशी थांबली. दारावर तळहात टेकला.

भीती वाटली, ते लपवत नाही. पण भीतीपेक्षा लाज मोठी निघाली. हे दार मी एकदा बंद ठेवलं होतं, आणि एक म्हातारा कोरा चहा पीत पीत मरून गेला होता.

मी जाऊन दार उघडलं. समोर शेजाऱ्यांची चपलांची मांडणी, त्यांची तुळस, आणि रिकामा जिना. मला सांगायचं होतं, हे तुमचं घर नाही. तुमचं घर पाडलं. ते शेवटपर्यंत दार उघडं ठेवून बसले होते, आणि रंग सापडला होता, मी सांगितला नाही. त्याऐवजी मी बाजूला झाले, म्हणजे समोरची भिंत नीट दिसेल. वरवंटा आमच्याकडे नाही, म्हणून दाराखाली नवऱ्याचा बूट सरकवला.

"या," मी म्हटलं. "आधण ठेवलंय. दूध आणलंत ना?"

त्या दिवशी पावलं खाली उतरली नाहीत.